बाळू पालवणकर आणि १९०६ चा सामना

खेळाच्या इतिहासांत कांहीं सामने असे होऊन गेले आहेत कीं, त्यांचा निकाल लागून कितीएक वर्षें लोटलीं तरी त्यांची गोष्ट लोक पुन्हां पुन्हां सांगतात. १९८० सालच्या फेब्रुवारी महिन्याची २२ तारीख अशाच एका सामन्यानें स्मरणीय झाली आहे. अमेरिकेंतील लेक प्लॅसिड ह्या गांवीं हिवाळी ऑलिंपिक सामने चालू होते, आणि बर्फावरील हॉकींत सोव्हिएट संघ अमेरिकन संघाशीं खेळावयास उतरला होता. सोव्हिएट संघानें मागील चारही ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविलेलें. त्याच महिन्यांत न्यूयॉर्क येथें झालेल्या सराव सामन्यांत त्यानें ह्याच अमेरिकन संघाचा १० विरुद्ध ३ गोलांनीं धुव्वा उडविलेला. उलटपक्षीं अमेरिकन संघांत बहुतेक भरणा महाविद्यालयीन तरुणांचा. असें असतां त्या तरुणांनीं तो सामना ४ विरुद्ध ३ गोलांनीं जिंकला. दुबळ्यानें बलाढ्यास नमविल्याचें उदाहरण म्हणून आजही जगभर त्याचा दाखला देण्यांत येतो.

परंतु असा पराक्रम पाहण्यासाठीं आपणांस बर्फाच्या मुलखांत जाण्याचें कारण नाहीं. त्याच्या चौऱ्याहत्तर वर्षें आधीं, १९०६ च्या फेब्रुवारी महिन्यांतच, मुंबई येथें हिंदु संघानें युरोपियन संघाचा क्रिकेटमध्यें पराभव केला. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळांत प्रजेनें हरविलें, एवढीच ती गोष्ट असती तरी ती सांगण्याजोगी होती. पण तिच्या पोटांत दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती पहिलीहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. ज्या संघास राज्यकर्ते कमी लेखीत होते, त्या संघानें स्वतः आपल्याच एका गड्यास कमी लेखलेलें होतें. आणि त्या गड्यावांचून त्यास विजय मिळणें कठीण होतें. त्या गड्याचें नांव बाळू पालवणकर.

आज पुण्यापासून पिंपरी-चिंचवड व पुढें चाकणपर्यंत कारखान्यांचा जो अखंड पट्टा पसरलेला दिसतो, त्याचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मागमूसही नव्हता. शेतें, नद्या, लहान लहान गांवें, आणि पुण्याच्या अंगास इंग्रजांच्या लष्करी छावण्या, असें ह्या भागाचें रूप होतें. ह्या छावण्यांतच क्रिकेटचा खेळ रुजला. १८७६ च्या सुमारास धारवाड येथें जन्मलेला बाळू, वडील लष्कराच्या नोकरींत असल्यामुळें, पुण्यास वाढला. घराणें चांभाराचें, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणें अस्पृश्य मानलेलें. बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम ह्यांनीं क्रिकेटचे पहिले धडे गिरविले ते गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या साहित्यावर. शाळा लवकरच सुटली, आणि बाळू पारशांच्या एका क्रिकेट क्लबांत महिना तीन रुपयांवर नोकरीस लागला. खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रूळ फिरवावा, आणि सवड मिळाल्यास सभासदांस चार चेंडू टाकावे, हें त्याचें काम.

१८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबांत आला. पगार झाला चार रुपये. तेथें जाळें बांधणें, खेळपट्टी आखणें, तिची निगा राखणें हीं कामें होतींच. पण तेथेंच त्याच्या हातांतील खऱ्या गुणाची पारख झाली. बाळू डाव्या हातानें संथ, फिरकी गोलंदाजी करी. एकाच लकबीनें टाकलेला चेंडू कधीं आंत वळे, कधीं बाहेर, आणि कधीं मुळींच वळत नसे. क्लबांतील ग्रेग नांवाचे लष्करी अधिकारी नाणावलेले फलंदाज होते. ते इतरांच्या आधीं मैदानावर येऊन तास तास बाळूची गोलंदाजी खेळत, आणि आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. मात्र बाळूच्या हातीं बॅट देण्याचें तेथें कोणाच्या क्वचितच मनांत येई. फलंदाजी साहेबांनीं करावी आणि चेंडू नोकरानें टाकावे, अशी ती वांटणी होती. पण शेंकडों तास चांगल्या फलंदाजांस चेंडू टाकून नोकराचा हात असा कांहीं तयार झाला कीं, त्याच्या तोडीचा गोलंदाज पुणें प्रांतांत दुसरा राहिला नाहीं.

आतां पुण्याच्या हिंदु क्लबापुढें पेंच पडला. युरोपियनांस हरवावयाचें तर पालवणकर हवे. पण त्यांस संघांत घ्यावयाचें तर रूढी आड येते. कांहीं सभासदांचा कल घ्यावें असा होता, कांहींचा विरोध होता. जातीच्या कारणास्तव अशा गोलंदाजास दूर ठेवणें हा हिंदूंचा वेडेपणा होईल, असें ग्रेगसाहेबांनीं उघड बोलून दाखविलें, असें सांगतात. अखेर पालवणकर संघांत आले. परंतु तडजोड मोठी विलक्षण झाली. मैदानावर सर्वांनीं एकाच चेंडूस हात लावावा. चहाच्या सुटींत मात्र सवर्ण खेळाडूंनीं मंडपांत बसून पेल्यांतून चहा घ्यावा, आणि ज्याच्या जिवावर सामना चाललेला त्यानें मंडपाबाहेर, वापरून फेंकून देण्याच्या मातीच्या भांड्यांतून तो प्यावा. जेवण वेगळ्या ताटांत, वेगळ्या जागीं. चेंडूचा विटाळ नाहीं आणि पेल्याचा आहे, ह्या व्यवस्थेंतील विसंगति त्या वेळच्या शहाण्या माणसांच्या ध्यानांत आली नाहीं असें नाहीं. सातारच्या युरोपियनांवर पुणेंकरांनीं विजय मिळविल्यानंतर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं पालवणकरांचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर बसण्यास हरकत कोणती, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

१८९६ सालीं प्लेगानें मुंबई-पुण्याकडील संसाराची घडी विसकटली. त्या साथीच्या बंदोबस्तांत झालेल्या जुलमाचा सूड म्हणून चिंचवडच्या चापेकर बंधूंनीं १८९७ च्या जूनमध्यें रँडवर हल्ला केला, हें सर्वश्रुतच आहे. राज्यकर्त्यांविषयींचा रोष ह्या मुलखांत किती खोल गेला होता, त्याची त्यावरून कल्पना यावी. ह्याच धामधुमीच्या सुमारास पालवणकर मुंबईस गेले. परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यांत त्यांस घेण्यास येथेंही कांहींजणांनीं हरकत काढली. पण संघनायक कीर्तिकर ह्यांनीं आग्रह धरला, आणि पालवणकर मुंबईच्या हिंदूंकडून खेळूं लागले. पुढें त्यांनीं रेल्वेंत नोकरी धरली. मागाहून शिवरामही त्याच संघांत आला.

मुंबईच्या क्रिकेटची तेव्हांची रचना ध्यानांत घेतल्यावांचून १९०६ च्या सामन्याचें महत्त्व कळणार नाहीं. तेथें संघ बनत ते धर्मावरून. ह्या देशांत हा खेळ प्रथम आपलासा केला तो पारशांनीं; १८९० सालीं त्यांनीं इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन ह्यांच्या संघासही एकदां पाणी पाजलें होतें. त्यामुळें युरोपियन आणि पारशी हेच बरोबरीचे प्रतिस्पर्धी समजले जात. हिंदूंनीं खेळास मागाहून सुरवात केलेली. त्यांचे खेळाडू बहुधा कारकून किंवा विद्यार्थी. युरोपियनांत विलायतेच्या शाळांतून लहानपणापासून शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले गडी असत. हिंदु जिमखान्यानें प्रथम आव्हान दिलें तें पारशांस; त्यांनीं तें स्वीकारलें नाहीं. तेव्हां युरोपियनांचा बाँबे जिमखाना पुढें आला, आणि सामना ठरला.

काळही मोठा भारलेला होता. मागील वर्षींच जपाननें रशियाचें आरमार बुडवून युरोपच्या अजिंक्यतेचा समज खोटा पाडला होता. बंगालची फाळणी होऊन चारच महिने झाले होते, आणि स्वदेशीची हांक गांवोगांव पोंचली होती. अशा वेळीं हा नुसता खेळ राहणें शक्यच नव्हतें.

हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ धांवा केल्या. युरोपियनांचा डाव १९१ धांवांत आटोपला. एवढ्यावरून सामना हातीं आला असें कोणी म्हटलें नसतें. कारण दुसऱ्या डावांत हिंदूंच्या १६० धांवाच झाल्या, आणि युरोपियनांस जिंकावयास २१२ धांवा हव्या होत्या. आवांका कठीण खरा, पण असाध्य नव्हे. शिवाय चौथा डाव म्हणजे खेळपट्टी झिजलेली, आणि झिजलेली खेळपट्टी म्हणजे संथ फिरकीचें राज्य. खेळपट्टी कोठें कशी झिजते, कोठें चेंडू टेकला म्हणजे किती वळतो, हें ज्ञान स्वतःच्या हातांनीं वर्षानुवर्षें तिच्यावर रूळ फिरविणाऱ्या माणसाइतकें कोणास असणार? पालवणकरांनीं व त्यांच्या जोडीदारांनीं युरोपियनांस पाय रोवूं दिले नाहींत. सगळा संघ १०२ धांवांत गारद झाला, आणि हिंदूंनीं १०९ धांवांनीं सामना जिंकला.

देशी वृत्तपत्रांनीं ह्या विजयाचा उत्सव केला. त्यांतल्या त्यांत लक्ष्यांत ठेवण्याजोगें विवेचन केलें तें 'इंडियन सोशल रिफॉर्मर' ह्या समाजसुधारणावादी साप्ताहिकानें. युरोपियनांवरील विजयापेक्षां, पालवणकर बंधूंस हिंदु संघांत जागा मिळाली आणि त्यांच्याबरोबर इतर जातींचे गडी खेळले, ह्यांतच त्यानें खरें यश मानलें. मुंबईस एव्हांना पुण्याच्या मानानें सोंवळें बरेंच सैल झालें होतें. ज्या गोष्टीस उपदेशानें पिढ्या लागल्या असत्या, ती जिंकण्याच्या इच्छेनें थोड्या वर्षांत घडवून आणली. मात्र ह्यांत दुसरी बाजूही आहे. गरजेनें उघडलेलें दार गरजेपुरतेंच उघडतें. ह्याचा प्रत्यय पालवणकरांस लवकरच आला.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला. संघाची कामगिरी निराशाजनक झाली. चौदा मोठ्या सामन्यांपैकीं दहा गमावले, दोन जिंकले. पण वयाच्या पस्तिशींत असलेल्या पालवणकरांनीं दौऱ्यांतील सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. तेथील जाणत्यांनीं त्यांची वाखाणणी केली. तरुण भीमराव आंबेडकरांसही पालवणकरांचा मोठा अभिमान वाटे. असें असूनही मायदेशीं हिंदु संघाचें नायकपद त्यांच्याकडे आलें नाहीं. गोलंदाजीस ते चालत, आज्ञा देण्यास चालत नसत. १९२० सालीं ह्याच प्रश्नावरून त्यांचे भाऊ शिवराम व विठ्ठल ह्यांनीं संघांतून अंग काढून घेतलें. गवगवा झाला, आणि पुढील सामन्याकरितां बाळू पालवणकरांस उपनायक नेमण्यांत आलें. अखेर १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचा नायक झाला, आणि त्याच वर्षीं संघानें चौरंगी सामने जिंकले. १९०६ च्या विजयानंतर ह्या एका पदास सतरा वर्षें लागलीं, आणि तीं थोरल्या भावाच्या उमेदीचीं वर्षें होतीं.

पुढें पालवणकर राजकारणांत पडले. अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांच्या वादांत त्यांचा व डॉ. आंबेडकरांचा मार्ग वेगळा झाला. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईस ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले, व थोड्या मतांनीं पडले. १९५५ च्या जुलैमध्यें ते वारले.

लेक प्लॅसिडच्या तरुणांस देशानें डोक्यावर घेतलें. त्यांच्यापैकीं कोणास मंडपाबाहेर बसून चहा घ्यावा लागला नव्हता. मुंबईच्या सामन्याची गोष्ट म्हणूनच अधिक अवघड आहे. येथें एका माणसास दोन प्रतिपक्षांशीं एकाच वेळीं खेळावें लागलें, आणि त्यांतील एक त्याच्याच बाजूचा होता. पहिल्यावर तीन डाव संपल्यानंतर चौथ्यांत विजय मिळाला. दुसऱ्याशीं चाललेला सामना त्याच्या हयातींत पुरा झाला नाहीं.

श्रोतेहो, पुण्यापासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत आज निरनिराळ्या प्रांतांचीं, निरनिराळ्या जातींचीं माणसें एकाच यंत्राभोवतीं उभीं असतात. यंत्राला कोणाच्या हाताचा विटाळ नसतो, जसा तो चेंडूलाही नव्हता. कामास जो हात चालतो, तो पंगतीस, घरास आणि अधिकाराच्या खुर्चीस चालतो कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं विचारावें. पालवणकरांचें खरें स्मारक त्या उत्तरांत आहे.