लपवलं म्हणजे सोपं झालं?

गेल्या आठवड्यात आमच्या टीममध्ये एका स्क्रीनवरून जोरदार वाद झाला. बटणं फार झालीत, कमी वापरातली 'मोअर'खाली ढकलून द्या, असं बहुमत होतं. मला मात्र एकदम ऑफिस २००० आठवलं...

थोडं मागे जाऊ. १९८९ मध्ये विंडोजसाठी वर्ड आलं तेव्हा त्यात साधारण १०० कमांड होत्या. वर्ड २००३ पर्यंत हा आकडा १५०० च्या वर गेला आणि टूलबार झाले ३१! मधे, ऑफिस २००० मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक शक्कल लढवली. मेनू उघडला की नेहमीच्याच कमांड दिसायच्या, बाकीच्या खालच्या दुहेरी बाणामागे. जी वापराल ती दिसू लागणार, जी वापरणार नाही ती काही दिवसांनी गायब.

कागदावर आयडिया झकास. पण काल दिसलेली गोष्ट आज जागेवर नाही! म्हणजे स्वयंपाकघरातले डबे कुणीतरी रोज रात्री हलवून ठेवल्यासारखं. हळदीचा डबा अंधारातही सापडतो, कारण तो रोज तिथेच असतो. मेनूचंही तसंच. दरवेळी कोण वाचत बसतं? हाताला जागा पाठ असते.

मग नको त्या कमांड काढून का नाही टाकल्या? वर्ड २००३ च्या वापराची आकडेवारी जमवली, तर पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच कमांडचाच वाटा जवळपास एक तृतीयांश निघाला. पण उरलेला वापर असा विखुरलेला, की कुणाला काय लागेल सांगता येईना.

शेवटी ऑफिस २००७ मध्ये जेन्सन हॅरिस आणि त्याच्या टीमची रिबन आली. कमांड तेवढ्याच, पण कामानुसार गट आणि प्रत्येकीची जागा पक्की. टेबलची बटणं तुम्ही टेबलमध्ये असतानाच दिसणार, तीही ठरलेल्या जागी. जुने लोक भडकले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. वर्षानुवर्षं हाताला पाठ झालेलं एका फटक्यात गेलं. रिबन आपल्या मनासारखी मांडायची सोय तर थेट ऑफिस २०१० मध्ये आली.

असो. आमच्या स्क्रीनवरचं एक बटण महिन्यातून एकदाच वापरलं जातं. आकडे बघितले तर लपवण्याच्या यादीत पहिला नंबर त्याचाच. पण तो एक दिवस पगाराचा असतो हो! त्या दिवशी ते सापडलं नाही, तर अकाउंट्सवाला स्वतःलाच दोष देत बसणार.

ते बटण आहे तिथेच राहिलं. उरलेला वाद सोमवारी.