ओंडक्यांपासून तिकिटांपर्यंत : नगर हवेलीच्या जंगलाचा प्रवास

गणपतीत मुंबई-पुण्याकडचे पाहुणे आपल्याकडे आले की एक प्रश्न हमखास येतो, "इथे बघण्यासारखे काय आहे?" मग आपण ठरलेली यादी सांगतो. दादऱ्याची वनगंगा, पिपरियाचे हिरवा वन, वासोण्याची सिंह सफारी, सातमालियाचे हरीण उद्यान, दुधनीचे पाणी. नरोलीहून पूल ओलांडून सिल्वासा गाठायचे आणि खानवेलच्या रस्त्याला लागायचे. एका दिवसात सगळे होते. अलीकडे या ठिकाणी सोयी वाढवण्याची चर्चा नेहमी होते. वाहनतळ, उपाहारगृह, बसायला सावली, स्वच्छतागृह या सगळ्याची गरज आहेच. पण आपण ज्या जंगलात पाहुण्यांना नेतो, त्याचा इतिहास त्यांना कोण सांगणार?

हा इतिहास सुरू होतो आपल्याच मराठी राज्यापासून. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, 17 डिसेंबर 1779 रोजी, पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे एक जहाज पकडले होते, त्याच्या भरपाईपोटी नगर हवेलीच्या 72 गावांचा महसूल पोर्तुगीजांना द्यायचे ठरले. 1783 साली परगणा त्यांच्या ताब्यात गेला. 1785 मध्ये त्यांनी दादरा विकत घेतले. एका जहाजाच्या बदल्यात हा मुलूख गेला, आणि पुढे याच मुलुखातून जहाजांसाठी लाकूड जाऊ लागले.

दमणला जहाजबांधणीचा मोठा कारखाना होता आणि त्याला साग लागत असे. तो साग नगर हवेलीतून येई. तिथे बांधलेले 'डोम फर्नांडो दुसरा आणि ग्लोरिया' हे लढाऊ गलबत 1843 साली पाण्यात उतरले. त्याचे लाकूड आपल्या जंगलातले. बांधणाऱ्यांत आपल्याकडचे सुतारही होते. हे जहाज पुढे पोर्तुगालला गेले. 1963 मध्ये त्याला आग लागली आणि ते जळके सांगाडे होऊन पडून राहिले. नंतर त्याची दुरुस्ती झाली आणि 1998 च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. आज ते लिस्बनसमोर, नदीपलीकडच्या काठावर, तरंगते संग्रहालय आहे. तिकीट काढून लोक ते बघायला जातात. आपल्या सागाची ओळख तिथे जपली गेली. तो साग जिथे वाढला, त्या जंगलात मात्र याबद्दलची एक पाटीही पर्यटकाच्या वाटेवर सहज नजरेस पडत नाही.

पोर्तुगीज काळात जंगल म्हणजे लाकूड, हा हिशेब साधा होता. 1954 मध्ये तो काळ संपला. 21 जुलैच्या रात्री दादरा, 28 जुलैला आपली नरोली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. 11 ऑगस्ट 1961 रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाला. मग गरजा बदलल्या. 1965 मध्ये पिपरियाला सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि पुढे कारखाने वाढत गेले. तिथे काम मिळाले म्हणून आपल्यापैकी अनेक कुटुंबे इथे आली व रुजली. दमणगंगेवर मधुबन धरण झाले. शेतीला आणि कारखान्यांना पाणी मिळाले, पण काही गावे आणि जंगलाचा भाग पाण्याखाली गेला. दुधनीला आपण ज्या पाण्यात नाव चालवतो, त्या पाण्याचाही हा इतिहास आहे.

या सगळ्यातून जंगल टिकले हे विशेष. 491 चौरस किलोमीटरच्या या छोट्या मुलुखाचा सुमारे 40 टक्के भाग आजही वनक्षेत्र आहे. 2000 साली सुमारे 92 चौरस किलोमीटरचे वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले. वासोण्याला गीरच्या सिंहांची सफारी झाली, सातमालियाला चितळ-सांबर दिसू लागले. जंगलाकडे बघण्याची दृष्टी ओंडक्यांवरून प्राण्यांवर आणि पाहुण्यांवर आली. हा बदल मोठा आहे, पण अर्धा आहे.

उरलेला अर्धा म्हणजे इथली माणसे. वारली, कोकणा, धोडिया या समाजांनी हे जंगल पिढ्यान्‌पिढ्या वाचले आहे. कोणत्या झाडाची साल कशाला, मोह कधी वेचायचा, कोणत्या लाकडाचा नांगर टिकतो, हे त्यांना ठाऊक आहे. आज वाघ दिसत नसला तरी वाघदेवाची पूजा होते. सिल्वाशात आदिवासी संग्रहालय आहे, तिथे त्यांची भांडी, हत्यारे, दागिने बघायला मिळतात. पण वस्तू शहरात आणि झाडे खानवेलच्या वाटेवर, अशी ताटातूट आहे.

मुंबईतल्या माहीमचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. 1977 पर्यंत जिथे शहराचा कचरा टाकला जायचा, त्या 37 एकरांवर झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले. 1994 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. शाळांच्या मुलांना निसर्ग शिकवण्याचे काम तिथे पहिल्यापासून चालते. मुंबईला आधी कचऱ्यावर जंगल उभे करावे लागले आणि मग मुलांना दाखवता आले. आपल्याकडे जंगल आधीपासूनच आहे, फक्त ते सांगणारी सोय हवी.

ही सोय फार महाग नाही. वाटेवरच्या साग, खैर, सादडा, शिसव यांना मराठी, गुजराती आणि वारली नावांच्या पाट्या लावता येतील. दमणच्या त्या गलबताची छोटी प्रतिकृती आणि त्याची गोष्ट एका खोलीत मावेल. आणि माहिती सांगायला आसपासच्या पाड्यांतली मुले-मुली घेतली, तर त्यांना काम मिळेल आणि जुने ज्ञान घरातच न विरता पुढच्या पिढीला पोचेल. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर एक कळते. मागणी नेमकी असेल तर ती कागदावर येते, मोघम असेल तर फाइलीतच राहते. आपल्या मंडळानेही अशी नेमकी मागणी लेखी करायला हरकत नाही.

गणपतीला आपण 21 पत्री वाहतो. शमी, आघाडा, बेल, अर्जुन अशी नावे मंत्रात येतात. घरातली मुले ती ऐकतात, पण पुडीतले पान कोणत्या झाडाचे हे त्यांना ओळखता येत नाही. यातला अर्जुन हा आपल्या रानातल्या सादड्याचाच भाऊबंद. विसर्जनानंतरच्या एखाद्या रविवारी मंडळाच्या मुलांना खानवेलकडे न्यावे, सोबत तिथलाच एखादा जाणता वारली आजोबा घ्यावा आणि त्यांना ही झाडे उभी दाखवावीत. त्यासाठी नवी इमारत होण्याची वाट बघावी लागणार नाही.