वाचनबंदी आणि मुक्त संगणकप्रणाली

संगणक ही वस्तू आता वसतिगृहात, झेरॉक्सच्या दुकानात, ग्रामपंचायतीत सर्वत्र येऊन बसली आहे. परंतु तो ज्या मूळ आज्ञावलीवर चालतो, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती कोणाच्या मालकीची, ती उघडून पाहण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न परिवर्तनवादी चळवळीतील मंडळी फारसा विचारताना दिसत नाहीत. यंत्राचे प्रश्न यंत्रवाल्यांनी पाहावेत अशी आपली समजूत. लिनक्ससारखी प्रणाली लोक का घेतात, याचेही एक ठरलेले उत्तर असते: फुकट मिळते म्हणून. प्रस्तुत लेखकाला हे उत्तर अपुरे वाटते, आणि थोडे अपमानास्पदही. गरीब माणूस जे निवडतो ते केवळ स्वस्त म्हणून निवडतो, असे गृहीत धरणाऱ्या मनोवृत्तीतून ते आलेले आहे.

आज्ञावली लिहिणारा माणूस ती माणसाला वाचता येईल अशा संहितेत लिहितो. या संहितेला सोर्स कोड म्हणतात. यंत्राला ती देताना तिचे आकड्यांत रूपांतर केले जाते आणि ते रूपांतर वाचून माणसाला जवळजवळ काहीच बोध होत नाही. विकणारा विकतो ते हे रूपांतर. संहिता त्याच्या तिजोरीत राहते. म्हणजे आपण वापरतो त्या यंत्राच्या मनात काय चालले आहे, हे कळण्याची सोय मुळातच बंद केलेली असते. ही बंदी निसर्गनियम नव्हे. ती केव्हा आली, कशी आली, याला इतिहास आहे.

१९६९ साली अमेरिकेत, एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली रचावयास घेतली. या कंपनीवर १९५६ पासून सरकारचा निर्बंध होता: दूरसंचाराखेरीज अन्य धंदा करावयाचा नाही. त्यामुळे युनिक्स तिने विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ संहितेसकट दिली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे शिक्षक होते. १९७६ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ही संहिता छापून घेतली, सुमारे नऊ हजार ओळी, आणि तिच्यावर ओळीगणिक भाष्य लिहिले. ग्रंथ आणि त्यावरील टीका, ही आपल्याकडील जुनी रीत. येथे ग्रंथ यंत्राचा होता एवढेच. एक संपूर्ण, चालती प्रणाली विद्यार्थ्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात अट आली की ही संहिता वर्गात शिकवता येणार नाही. लायन्स यांचे पुस्तक मोकळेपणाने मिळेनासे झाले. मग विद्यार्थ्यांनी त्याच्या झेरॉक्स प्रती काढल्या, त्या प्रतींच्या प्रती काढल्या. अक्षरे पुसट झाली तरी पुस्तक हातोहात फिरत राहिले. ते कायदेशीररीत्या सर्वांसाठी छापले गेले १९९६ मध्ये. वर्गात एक मजकूर आहे, शिक्षकाला तो कळतो, विद्यार्थ्याला तो हवा आहे, आणि तरीही तो उघडावयाचा नाही, कारण मालकाची परवानगी नाही! हे वाचताना आपल्यासारख्याला काय आठवते ते सांगावयास नको.

मात्र ही तुलना ताणू नये. शूद्रातिशूद्रांवरील ज्ञानबंदी जन्मावर आधारलेली होती. तिच्यातून पैसा भरून सुटता येत नव्हते आणि तिला धर्माचा आधार होता. परवान्याची बंदी व्यापाराची आहे, आणि ज्यांच्यावर ती आली ते विद्यापीठांतील सुस्थित लोक होते. त्यांच्या कानात कोणी शिसे ओतणार नव्हते. परंतु दोन्हींकडे एक तंत्र समान आहे. ज्ञान संपूर्ण दडवायचे नसते. त्याचा उपयोग इतरांना घेऊ द्यायचा, त्यावर त्यांना अवलंबून ठेवायचे, आणि ते ज्यातून निर्माण होते ती जागा मात्र स्वतःकडे राखायची. पंचांग सर्वांना लागते. ते मांडण्याचा अधिकार एकाचा.

या बंदीला जाहीर नकार दिला तो रिचर्ड स्टॉलमन यांनी. ते एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करीत. १९८० च्या सुमारास तेथे झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत त्यांनी स्वतः अशी सुधारणा केली होती की कागद अडकला की संबंधितांना सूचना जाई. नव्या प्रिंटरची संहिताच मिळेना. ती ज्याच्याजवळ होती अशा दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाकडे ते गेले. त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. गोष्ट क्षुल्लक, कागद अडकण्याची. पण शेजाऱ्याला मदत न करण्याचे वचन कोणी आगाऊच विकत घेतले आहे, हे त्यांना त्या क्षुल्लक गोष्टीत दिसले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली, १९८४ च्या आरंभी नोकरी सोडली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले.

त्यांचे खरे कर्तृत्व मला १९८९ च्या जीपीएल या परवान्यात दिसते. प्रताधिकाराचा कायदा मालकाला अटी घालू देतो ना, मग अट अशी घाला: ही आज्ञावली कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी, वाटावी, मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देताना त्यालाही हेच सर्व अधिकार, संहितेसह, दिले पाहिजेत. कुंपणाचा कायदा कुंपण पाडण्यासाठी वापरला! कायदा हे हत्यार कोणाच्या हातात आहे यावर बरेच अवलंबून असते, हे बाबासाहेबांच्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

ग्नूचे बहुतेक भाग तयार झाले, पण यंत्राशी थेट बोलणारा गाभा राहिला होता. तो आला फिनलंडमधून. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी, युनिक्सची संहिता शिकवता येत नाही म्हणूनच, १९८७ मध्ये मिनिक्स ही छोटी प्रणाली स्वतः लिहून पुस्तकासोबत दिली होती. ती वाचता येई, पण मुक्तपणे बदलून वाटता येत नसे. हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स मिनिक्सवर शिकला, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी तिला जीपीएल परवाना लागला आणि ग्नूचे भाग व हा गाभा एकत्र आले. आज जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तीत नोव्हेंबर २०१७ पासून सर्वच्या सर्व यंत्रे लिनक्सवर चालणारी आहेत. ‘गरिबांची प्रणाली’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सचाच गाभा आहे. तेवढ्याने तो फोन मुक्त झाला असे मात्र नाही. पाया सार्वजनिक आणि वरच्या माळ्याला कुलूप, अशी ती इमारत आहे.

आता आपल्याकडे येऊ. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी लोकांना एक खुले पत्र लिहिले होते. तुमच्यापैकी बहुतेक जण आज्ञावल्या चोरता, असा त्यांचा आरोप होता. श्रमाचे मोल मिळावे हे त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. श्रमाचे मोल न मिळणे म्हणजे काय हे आपल्या घराण्यांना ठाऊक आहे. पण चोर हा शब्द पुढे कोणाला चिकटला? आपल्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ख हे कलम आले आणि १९९५ पासून लागू झाले. चोरटी प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणे हा त्यानुसार गुन्हा आहे: सात दिवस ते तीन वर्षे कैद, पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते, अशी सवलत आहे. वसतिगृहातील मुलाने जुन्या बाजारातून संगणक आणला, दुकानदाराने त्यात विंडोजची चोरटी प्रत घालून दिली. तो मुलगा त्या यंत्रावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगाराच्या उंबरठ्यावर उभा असतो. ज्या जमातींवर १८७१ पासून जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांच्या मुलाला ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. दुसरा मार्ग दानाचा. कंपन्या शाळांना सवलतीत किंवा विनामूल्य परवाने देतात. त्यांचा हेतू काहीही असो, दिलेले दान परत घेता येते. चोर किंवा याचक, या दोन भूमिका सोडून तिसरी उपलब्ध आहे काय? मुक्त प्रणाली घेणारा माणूस ही तिसरी भूमिका घेतो. तो कोणाचे चोरत नाही आणि कोणाचे उपकारही घेत नाही. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने घोटाळा होतो. मराठीत फुकट आणि मुक्त हे दोन शब्द आहेत, आपण ते वेगळे ठेवावेत.

केरळात हे सामूहिकरीत्या घडले. २००१ मध्ये तेथे आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला. पुढे त्याच दशकात सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर आल्या, आणि त्यामागे शिक्षकांच्या आग्रहाचा वाटा मोठा होता. स्वतंत्र मलयालम कम्प्युटिंग या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मलयालम लिपीचे टंक स्वतः घडवले. आपली अक्षरे पडद्यावर नीट उमटण्यासाठी ते कोणाच्या बाजारभावाची वाट पाहत बसले नाहीत. महाराष्ट्रात याच काळात आमची पिढी तालुक्याच्या वर्गांतून प्रमाणपत्रे घेऊन बाहेर पडली ती संगणक म्हणजे विंडोज, लेखन म्हणजे वर्ड, एवढे समीकरण घेऊन. त्या प्रमाणपत्रांनी अनेकांना नोकऱ्या दिल्या, हे नाकारता येत नाही. पण आम्हाला वापरकर्ते केले गेले, जाणकार नव्हे.

येथवर जे लिहिले ते मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना आवडेल. आता त्यांना न आवडणारे. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये बोले यांचा ठराव संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. पाणी मात्र १९२७ च्या मार्चमध्ये हजारोंनी चालत जाऊन प्यावे लागले, त्यासाठी मार खावा लागला, आणि न्यायालयात शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडले. मुक्त संहितेचे तळे असेच खुले आहे. परवाना कोणाचीही जात विचारत नाही. पण तिथवर जाणारी वाट इंग्रजीची आहे, रिकाम्या वेळेची आहे, घरात स्वतःचे यंत्र आणि अखंड वीज असण्याची आहे. ज्याचे वडील अभियंते तो पंधराव्या वर्षी संहिता वाचू लागतो. आमचा विद्यार्थी विसाव्या वर्षी प्रथमच कळफलकाला हात लावतो आणि अडला तर विचारायचे कोणाला, हे त्याला माहीत नसते. मराठीतून हे शिकवणारी पुस्तके किती आहेत ते प्रत्येकाने आपल्या ग्रंथालयात जाऊन मोजावे. कोणालाच मज्जाव नाही, या वाक्यावर समाधान मानणारे लोक आपण आणखीही ठिकाणी पाहिलेले आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती, आणि नव्यांसाठी पैसा नव्हता. चांगली चालती यंत्रे भंगारात देण्याची भाषा सुरू झाली. मी इतिहासाचा शिक्षक. तरी दोन विद्यार्थ्यांना घेऊन सुटीच्या दिवसांत त्यांवर लिनक्स चढवले. तीन यंत्रांनी दाद दिली नाही. एका जुन्या प्रिंटरने तर पंधरा दिवस छळले, तेव्हा स्टॉलमन यांची आठवण झाली. बाकीची यंत्रे चालू आहेत, मराठी टंकलेखनही होते. पहिल्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, पण नोकरीच्या जागी विंडोजच असणार ना?’ मी म्हटले, बहुतेक ठिकाणी असणार. म्हणून कोपऱ्यातील दोन यंत्रे आम्ही विंडोजवरच ठेवली आहेत, आणि मुली-मुलांना दोन्हींवर बसायला लावतो.