सुई ओवणारी मुलं

आमच्या घरी अम्मीला सुई ओवून देणं माझं काम. एकच सुई, तरी मी कुरकुरायचो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेन भागात अनेक शेतकऱ्यांनी भरतकामाचं यंत्र घरातच मांडलं, कितीकांनी कर्ज काढून. मूळ यंत्र फ्रान्समधल्या जोसुए हाइलमानचं, १८२८ च्या सुमाराचं. डाव्या हातानं नक्षी गिरवायची, उजव्यानं दांडा फिरवायचा. शेकडो सुया एकदम तेच फूल भरत. पण दोरा संपला की त्या साऱ्या पुन्हा ओवायच्या कुणी? बायको-मुलांनी. १८७७ च्या कायद्यानं १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात मज्जाव केला. घर म्हणजे काही कारखाना नव्हे! शाळेआधी, शाळेनंतर मुलं सुया ओवतच राहिली.