लेन्स लहान कशी होते आणि तिचे नाव मोठे कसे होते?

महागड्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे ‘लहान आणि हलकी लेन्स’ हा दावा आणि दुसरी म्हणजे लेन्सवरचे नाव किंवा खूण. लायकाचा लाल ठिपका, कॅननच्या एल मालिकेची लाल कडी, निकॉनची सोनेरी कडी, झाइसचे निळे बोधचिन्ह ही अशी काही उदाहरणे. यांपैकी पहिल्या गोष्टीचा संबंध प्रकाशशास्त्राशी आहे, दुसरीचा बाजाराशी. ग्राहकाच्या खिशातून जाणारा पैसा मात्र दोन्हींसाठी एकत्रच जातो. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या करून समजून घेणे उपयोगाचे ठरते.

लहानपणाची मर्यादा

लेन्सवरचा ‘एफ’ आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले प्रकाशद्वाराचा व्यास. ५० मिमी एफ २ लेन्सचे प्रकाशद्वार २५ मिमीचे असते. तीच लेन्स एफ १.४ करायची तर सुमारे ३६ मिमी लागतात आणि एफ ०.९५ साठी जवळपास ५३ मिमी. ३०० मिमी एफ ४ लेन्सला ७५ मिमी व्यास हवाच. हा हिशेब कोणत्याही कंपनीला चुकवता येत नाही. त्यामुळे मोठे प्रकाशद्वार असलेली लांब पल्ल्याची लेन्स फार बारीक असूच शकत नाही. लहान करता येते ती मुख्यतः लांबी, आणि कमी करता येते ते वजन.

आरशाचा अडथळा

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये हलणारा आरसा असतो. त्यामुळे लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंत बरीच जागा सोडावी लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे, कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी. २४ किंवा २८ मिमीची वाइड लेन्स एवढ्या दूर ठेवायची तर पुढे प्रकाश पसरवणारी मोठी भिंगे घालावी लागतात. या रचनेला रेट्रोफोकस म्हणतात. त्यात लेन्स आपोआप लांब आणि जड होते.

लायकाच्या एम कॅमेऱ्यात आरसा नाही. तिथे हे अंतर २७.८ मिमी आहे. शिवाय एम लेन्समध्ये ऑटोफोकसची मोटर नसते आणि हादरे शोषणारी यंत्रणाही नसते. या लेन्स मुठीत मावतात याचे मोठे कारण हे आहे. त्यात जर्मन कौशल्याचा वाटा आहेच, पण सोयी वगळण्याचाही आहे.

४० मिमीच्या आसपासच्या चपट्या ‘पॅनकेक’ लेन्सचे गणितही यातूनच सुटते. नाभीय अंतर आणि माउंटचे अंतर जवळपास सारखे असले की रेट्रोफोकसची गरज उरत नाही. पेंटॅक्सची ४० मिमी एफ २.८ लिमिटेड लेन्स फक्त १५ मिमी जाडीची आहे. कॅननने २०१२ मध्ये आणलेली ४० मिमी एफ २.८ लेन्स सुमारे २३ मिमी जाड आणि १३० ग्रॅम वजनाची आहे.

लेन्स लहान करण्याचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे अगोलीय पृष्ठ. साध्या भिंगाचा पृष्ठभाग गोलाचा तुकडा असतो. त्यामुळे येणारे दोष सुधारायला आणखी भिंगे लागतात. पृष्ठाचा आकार थोडा बदलला की एकच भिंग दोन-तीन भिंगांचे काम करते. लायकाच्या १९६६च्या नॉक्टिलक्स ५० मिमी एफ १.२ मध्ये अशी पृष्ठे होती आणि ती घासून तयार करणे फार खर्चिक होते. पुढे साच्यातून अशी भिंगे काढता येऊ लागली आणि ती स्वस्त कॅमेऱ्यांतही आली.

दुसरा मार्ग विवर्तनाचा. साधे काच भिंग निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा जास्त वळवते. अतिसूक्ष्म खाचांचे विवर्तन भिंग याच्या उलट करते. दोन्ही एकत्र केले की रंगांचा दोष एकमेकांत जिरतो आणि लेन्स आखूड करता येते. कॅनन याला ‘डीओ’ म्हणते, निकॉन ‘पीएफ’. निकॉनच्या जुन्या ३०० मिमी एफ ४ लेन्सचे वजन सुमारे १,४४० ग्रॅम होते. २०१५ च्या पीएफ लेन्सचे वजन तिपाईची कडी सोडून सुमारे ७५५ ग्रॅम आहे. पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी दिवसभर चालणाऱ्याला हा फरक खांद्यावर जाणवतो. मात्र समोर प्रखर दिवा असेल तर त्याभोवती रंगीत वलये दिसू शकतात.

तिसरा मार्ग संगणकीय दुरुस्तीचा. २०१५ च्या लायका क्यू कॅमेऱ्यातील २८ मिमी एफ १.७ लेन्समध्ये सरळ रेषा वाकवण्याचा दोष मुद्दाम शिल्लक ठेवला आहे. तो दुरुस्त करण्याच्या सूचना छायाचित्राच्या फाइलमध्येच असतात. हे काम काचेने केले असते तर लेन्स मोठी झाली असती.

लहानपणाची किंमत

लहान लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ असेल तर कडेला प्रकाश तिरपा पडतो. फिल्मला त्याचे फारसे वाटत नसे, डिजिटल सेन्सरला वाटते. लायकाने २००६ च्या एम ८ मध्ये सेन्सरवरची काच पातळ ठेवली. परिणामी अवरक्त प्रकाश पुरेसा अडला नाही आणि काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले. कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर मोफत द्यावे लागले.

याउलट, आरसा गेला म्हणून लेन्स लहान होतेच असेही नाही. निकॉनच्या एसएलआरसाठीची ५० मिमी एफ १.८जी लेन्स १८५ ग्रॅमची आहे. मिररलेस झेड माउंटची ५० मिमी एफ १.८ एस लेन्स ४१५ ग्रॅमची आहे. कंपनीने इथे मिळालेली मोकळीक आकार घटवायला न वापरता कोपऱ्यापर्यंत स्पष्टता मिळवायला वापरली.

नावामागे कोण?

लेन्सवरचे नाव आणि ती बनवणारा कारखाना एकच असतो असे नाही. फोग्टलेंडर हे नाव १७५६ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेल्या व्यवसायाचे आहे. आज त्या नावाच्या लेन्स जपानची कोसिना कंपनी बनवते. एम माउंटच्या झाइस झेडएम लेन्सही मुख्यतः कोसिनाकडेच तयार झाल्या. पॅनासोनिकच्या अनेक लेन्सवर लायकाचे नाव असते, पण उत्पादन पॅनासोनिकचे असते आणि निकष लायकाशी ठरवलेले असतात. यात फसवणूक नाही. नाव देणारी कंपनी रचना तपासते आणि आपला दर्जा राखण्याची जबाबदारी घेते.

नाव नुसते चिकटवले तर काय होते, हे हॅसलब्लाडच्या ल्युनरने दाखवले. २०१२ मध्ये जाहीर झालेला हा कॅमेरा आतून सोनीचा नेक्स ७ होता. बाहेर लाकडी मूठ आणि महागडी सजावट, किंमत सुमारे ५,००० युरो. चंद्रावर गेलेल्या कॅमेऱ्यांची परंपरा नावात होती, चित्र मात्र सोनीच्याच दर्जाचे होते. जाणकारांनी टीका केली आणि कंपनीने पुढे हा मार्ग सोडला.

मोबाइलमध्येही हीच नावे दिसतात. नोकियावर कार्ल झाइस भारतीयांनी पूर्वीच पाहिले होते. २०१६ मध्ये हुआवेसोबत लायका आले, २०२१ मध्ये वनप्लससोबत हॅसलब्लाड. आता विवोसोबत झाइस आणि शाओमीसोबत लायका आहे. फोनवर एफ १.८ लिहिलेले असले तरी सेन्सर लहान असल्याने प्रकाशद्वारही लहान असते. एकूण प्रकाश मोठ्या कॅमेऱ्याइतका जमा होत नाही.

खरेदीपूर्वी काय विचारावे?

ब्रँडला पैसे देणे नेहमीच चूक नसते. १९५४ मधील एम माउंटची लेन्स आजच्या डिजिटल एम कॅमेऱ्यावर बसते. दुरुस्तीची सोय आणि जुन्या लेन्सला मिळणारी किंमत यांनाही मोल आहे. फक्त तीन प्रश्न विचारावेत. लेन्स लहान करताना काय वगळले, ऑटोफोकस, प्रकाशद्वार की कडेची स्पष्टता? चित्रातील सुधारणा काचेची आहे की सॉफ्टवेअरची? आणि नाव देणाऱ्या कंपनीने नेमके काय केले, रचना, तपासणी की फक्त परवाना? याची उत्तरे बहुधा कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात आणि स्वतंत्र चाचण्यांत मिळतात, खोक्यावरच्या ठिपक्यात मिळत नाहीत.