कोर्लईची 'नो लिंग' आणि आल्सेसची बोली

आज आपण राज्य बदलल्यावर मागे राहिलेल्या भाषांबद्दल बोलणार आहोत. सुरुवात युरोपातून करू, पण पोचायचंय रायगडच्या किनाऱ्यावर.

ऱ्हाईन नदीच्या पश्चिम काठावर आल्सेस हा प्रांत आहे. तिथली बोली जर्मन कुळातली. नदीपलीकडच्या बाडेनमधल्या आणि दक्षिणेला स्वित्झर्लंडमधल्या बोलींची सख्खी बहीण. हा प्रांत १८७१ मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये परत फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये जर्मनांनी पुन्हा घेतला आणि महायुद्ध संपताना फ्रान्सकडे आला तो कायमचा. पाऊणशे वर्षांत चार वेळा राज्य बदललं. घरातली बोली मात्र तीच होती.

मग ती मागे कधी पडली? भाषाशास्त्रात 'बिनछपराची बोली' अशी एक कल्पना आहे. आपल्याकडे आगरी बोलणाऱ्या मुलाला शाळेत, कचेरीत, पेपरात मराठी भेटते. मराठी हे आगरीचं छप्पर. आल्सेसच्या बोलीचं छप्पर होतं प्रमाण जर्मन. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन म्हणजे शत्रूची भाषा ठरली, शाळा पूर्ण फ्रेंच झाली, आणि घरची बोली बोलणं गावंढळपणाचं वाटायला लागलं. आईबापच मुलांशी फ्रेंच बोलू लागले. सीमा चारदा हलल्या तेव्हा जे झालं नव्हतं, ते घरातल्या या बदलाने झालं.

आता कोर्लईला येऊ. अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखाशी एका बाजूला रेवदंडा आणि समोर कोर्लईचा डोंगरी किल्ला. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौलला ठाणं घातलं आणि १५९४ मध्ये निजामशाहीकडून कोर्लईचा किल्ला घेतला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि पुढच्याच वर्षी तहाने चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आलं. राज्य गेलं, पण किल्ल्याखालच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबं तिथेच राहिली आणि त्यांची बोलीही. ती आजही बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'.

आपल्या मराठीत पोर्तुगीज शब्द किती आहेत ते आपण जाणतोच: पाव, बटाटा, चावी, पगार, तुरुंग, घमेलं. कोर्लईत याच्या उलट घडलं. शब्द बहुतेक पोर्तुगीज राहिले, पण वाक्याची ठेवण मराठीकडे झुकली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं, 'मी पितो पाणी' असं. कोर्लईत ते मराठीसारखं शेवटी गेलं. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांचा तर या बोलीने वेगळा गटच केला, त्यांच्या शेवटी 'ऊ' येतो: 'लोटणे'वरून 'लोटू'. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या बोलीवर अख्खं पुस्तक लिहिलं.

हिच्या बहिणीही होत्या. गोव्याचे धर्मगुरू आणि भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद यांनी १९०६ मध्ये या 'उत्तरेकडच्या' इंडो-पोर्तुगीज बोलीवर लिहिलं. वसई-मुंबईकडची बोली पुढे लोपली. दमण आणि दीवला टिकली, पण तिथे पोर्तुगीज राज्यच १९६१ पर्यंत होतं. कोर्लईतून ते त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी गेलं होतं. मग कोर्लई टिकली कशी?

कारणं फार सुखद नाहीत. धर्मामुळे हिंदू शेजाऱ्यांशी सोयरीक नव्हती. जातीमुळे वरच्या जातीतल्या ख्रिस्ती कुटुंबांशीही नव्हती. मध्ये खाडी होती. लग्न गावात, काम गावात, बोलणं आपसात. आणि वर छप्पर म्हणून चर्च होतं, तिथे पोर्तुगीज कानावर पडत राहिली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, प्रार्थना मराठीत आली. शाळा मराठी. खाडीवर पूल झाला, बाहेर नोकऱ्या मिळू लागल्या. म्हणजे जे जे गावाच्या भल्याचं झालं, त्याने बोलीचा आडोसा कमी केला.

इथे आपली खरी अडचण आहे. बोली टिकावी म्हणून कोणी एकटं पडावं, गरीब राहावं, असं आपण म्हणू शकत नाही. पूल हवाच, शाळाही हवी. मग बोली टिकायला दुसरं कारण लागेल: ती बोलण्यात कमीपणा वाटता कामा नये. आल्सेसमध्ये १९९० च्या दशकापासून दुभाषी वर्ग सुरू झाले, पण त्यांत भर प्रमाण जर्मनवर राहिला. मूल शाळेत जर्मन वाचायला शिकतं, आजीशी तिच्या बोलीत बोलायला शिकतंच असं नाही. तेव्हा नुसता विषय म्हणून शिकवून भागत नाही. घरात ती कानावर पडावी लागते.

मराठी माणूस आपल्या भाषेवरच्या आक्रमणाबद्दल नेहमी बोलतो, आणि त्याची कारणंही आहेत. पण कोर्लईत मोठी भाषा आपली आहे. आल्सेसमध्ये फ्रेंचची जी जागा, ती तिथे मराठीची. त्यामुळे वर्गात एखादं मूल शेजारच्याशी 'नो लिंग'मध्ये बोललं, तर त्याला गप्प करायचं की त्या शब्दाचा अर्थ विचारायचा, हे ठरवणारे आपण मराठी बोलणारेच आहोत.