शिवी कोणाच्या घरातली?

मागच्या वेळी आपण अश्लीलतेच्या कायद्याबद्दल बोललो. आज त्याच्या शेजारचा विषय घेऊ, शिवीचा. शेजारचा म्हणतोय, तोच नव्हे. या दोन गोष्टी एकच धरल्या की पुढचा सगळा घोटाळा होतो.

आपल्याकडे नाटकांवर बंधन घालणारा कायदा १८७६ चा. तो काही शिव्यांसाठी आला नव्हता. कलकत्त्यात राजपुत्राच्या दौऱ्यानंतर एक प्रहसन झालं, सरकार चिडलं, त्यातून तो आला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली. त्यात शिवराळ काय होतं? काही नाही. प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसत होता, एवढंच. पुढे साहेब गेला, पण नाटकाची संहिता आधी तपासून घ्यायची पद्धत राहिली.

आता १९७० कडे या. डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगमंचावर आणलं. माणिकच्या गर्भपातानंतर तिच्या साडीवर दिसणारा लाल डाग परिनिरीक्षकांना नको होता. मग डाग निळा झाला, आणि तो लालच समजावा असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. (हशा) हसताय, पण त्यात मोठा मुद्दा आहे. डाग पुसायला सांगणाऱ्यांना त्या घरातली हिंसा पुसता येत नव्हती.

आणि ते घर कोणतं? पैसा बघितलेलं, मध्यमवर्गीय. माझ्या मते खरा धक्का तिथे बसला. नोकरानं, गुंडानं, गावरान सोंगाड्यानं अर्वाच्य बोलावं, हे आपल्याला चालत आलेलं आहे. शिमग्याला तर अख्खं गाव बोंब मारतं. पण भाऊ भावाला, मुलगा बापाला, दिवाणखान्यात बसून तसं बोलतो म्हटल्यावर प्रेक्षक अस्वस्थ झाला. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, 'सखाराम बाइंडर' आलं. सखाराम जन्मानं ब्राह्मण, छापखान्यात पुस्तकबांधणी करणारा, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा आणि तोंडानं फाटका. निळू फुले ते काम करत, चंपा लालन सारंग. बंदी आली, कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ती सगळी हकिगत त्यांच्या 'बाइंडरचे दिवस'मध्ये आहे, जरूर वाचा.

तत्त्वज्ञानात आम्ही एक भेद शिकवतो: शब्द वापरणं वेगळं आणि शब्दाचा उल्लेख करणं वेगळं. सखाराम शिवी वापरतो, तेंडुलकर तिचा उल्लेख करतात. लेखकाच्या बचावाला हा भेद उत्तम चालतो. पण त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि भेद लंगडा पडला. तिथे पात्राची आड नाही. कवीच बोलतोय, त्याच्या वस्तीच्या भाषेत. प्रस्तावना तेंडुलकरांची, आणि त्यातले कितीतरी शब्द त्यांनाही समजावून घ्यावे लागले. म्हणजे मराठीतला सर्वात धीट नाटककार मराठीच्या एका अंगाला पाहुणा होता! 'गोलपिठ्या'तली शिवी कुणाचा मुखवटा काढत नाही. जे जगणं आपण भाषेबाहेर ठेवलं होतं, त्याचा पत्ता ती देते.

आजच्या वेब मालिकांकडे बघताना मला हे आठवतं. 'कॉलेज रोमान्स'चं प्रकरण घ्या. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना ती आपल्या दालनात इअरफोन लावून पाहावी लागली. गुन्हा नोंदवा, असा आदेश झाला. २०२४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. शिवराळपणा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. असे शब्द रागाने, वैतागाने बोलले जातात, त्यांचा शब्दशः अर्थ तिथे अभिप्रेत नसतो, असं त्याचं म्हणणं. कायदा म्हणून मला निर्णय योग्य वाटतो. तरुण मुलांना बोलीसाठी पोलिसांत खेचू नये.

तरी तर्कात एक फट आहे. शब्दशः अर्थ गळून गेला म्हणता, मग शिवी दरवेळी आईवरून, बहिणीवरूनच का? बापावरून इतकी का नाही? अर्थ पूर्ण गळला असता तर कुठलंही नातं चाललं असतं. दोन पुरुष भांडतात आणि खोलीत नसलेली बाई मध्ये ओढली जाते. तेंडुलकरांनी ही बाई रंगमंचावरच उभी केली: रमा, लक्ष्मी, चंपा. शिवीचा भार कुणाच्या अंगावर पडतो, ते समोर दिसतं. आजच्या बऱ्याच मालिकांत शिवी मिठासारखी भुरभुरलेली असते, आणि ती बाई त्या दृश्यात कुठेच नसते.

प्रश्न घेऊ या. मागून एक हात वर आहे, बोला.